रमाबाई-माधवरावांचं अभिवाचन बसवायचं असेल तर

जानेवारी जवळ आला की मंडळातल्या बायका विचारतात, "बाई, यंदा काय वाचायचं?" १६ जानेवारी ही न्यायमूर्ती माधवराव रानड्यांची पुण्यतिथी, १८ला त्यांचीच जयंती आणि २५ला त्यांच्या पत्नी रमाबाईंची. दहा दिवसांत तीन निमित्तं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी हे वाचन चारदा बसवलं, त्यातलं पहिलं सपशेल पडलं. म्हणून तुमच्या मंडळासाठी हे लिहून ठेवते.

संहिता शोधत हिंडू नका. रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' घ्या. १९१० साली निघालेलं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेचं. रमाबाई १९२४ साली गेल्या, त्यामुळे मूळ मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही, परवानगी लागत नाही. नव्या आवृत्तीतली कुणाची टिपणं किंवा प्रस्तावना मात्र उचलू नका, ती त्यांची.

पुस्तक जाडजूड आहे आणि तुमच्याकडे तासभर. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा, मध्ये खोकला, मोबाईल, उशिरा येणाऱ्या बायका. पाच प्रसंगांच्या वर जाऊ नका.

पहिला प्रसंग लग्नाचाच हवा, आणि माझी चूक इथेच झाली. मी तो गाळला होता. म्हटलं, जयंतीच्या दिवशी कशाला ते! एवढा मोठा माणूस, सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, पुढे काँग्रेस, हायकोर्ट. मी सगळं कसं छान रचून वाचलं. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "विधवाविवाहाचा एवढा पुरस्कार करत होते ना, मग अकरा वर्षांच्या पोरीशी लग्न कसं केलं?" मला उत्तर सुचेना. सभागृह गप्प.

आता मी तिथूनच सुरू करते. १८७३ साल. पहिली पत्नी सखूबाई गेली त्याच वर्षी वडिलांनी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना (याच पुढच्या रमाबाई) ठरवली. ती अकराची, हे एकतीसचे. मित्रांची अपेक्षा विधवेशी लग्न करतील अशी होती, यांचीही इच्छा नव्हती, पण वडिलांपुढे मान तुकवली. त्यावरून बाहेर खूप टीका झाली. हे वाचताना सारवासारव करू नका आणि आवाजही चढवू नका. सरळ वाचा, पुढच्या ओळीआधी दोन श्वास थांबा. मग पाटी येऊ द्या. लग्न होऊन आलेल्या त्या मुलीला ते लगेच अक्षरं शिकवायला बसतात. क्रम असा ठेवला की पाटीचं वजन कळतं.

दुसरा प्रसंग घरातल्या बायकांचा. सून रात्री नवऱ्याजवळ वाचते आणि दिवसा त्याबद्दल बोलणी खाते. आमच्या मंडळात इथे हमखास हशा पिकतो, कारण प्रत्येकीला आपली कुणीतरी आठवते. हसू द्या. पण वाचणारीने सासूचा खाष्ट आवाज काढू नये, मालिका होते तिची. १८८४ साली मुलींच्या हायस्कुलासाठी (तीच आपली हुजूरपागा) रमाबाईंनी भरसभेत इंग्रजी भाषण वाचलं. ते इथेच जोडा, कारण घरी आल्यावर पुन्हा तोच उद्धार.

आंब्याच्या फोडींचा प्रसंग सगळ्यांना शाळेपासून पाठ असतो, तो सोडलात तरी चालेल. त्याऐवजी कलकत्ता घ्या. तिथे माधवराव बंगाली शिकायला लागतात आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्याला शब्दांचे अर्थ विचारतात. रमाबाई थट्टा करतात, हे दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचा दाखला देतात. त्या घरात बायकोला नवऱ्याची चेष्टा करता येऊ लागली होती, हे ऐकणाऱ्याला इथेच समजतं.

चहाचं प्रकरणही ठेवा. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला, मंडळींत टिळकही होते. गवगवा झाला आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हे गाळलंत तर पुन्हा एखाद्या आजी उठतील.

शेवट त्यांच्या मृत्यूवर करू नका. सगळे तिथेच थांबतात, दिवे मंद करतात, बासरी लावतात. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. बायकांचं शिक्षण, नर्सिंग, येरवड्याच्या तुरुंगातल्या कैदी बायकांना भेटायला जाणं, पुढे बायकांच्या मताचा हक्क. पुस्तकात हा काळ येत नाही, म्हणून पाच मिनिटांचं निवेदन तुम्ही लिहा. साधं लिहा. 'त्यागमूर्ती' वगैरे नको.

आता वाचनाबद्दल. दोघी पुरेत. एक रमाबाईंचे शब्द वाचेल, दुसरी साल-ठिकाणांचं निवेदन. माधवरावांसाठी पुरुष आणू नका, त्यांचं बोलणंही रमाबाईंच्याच तोंडून येऊ द्या, पुस्तक तसंच आहे. जुन्या छपाईत 'केलें', 'झालें' असे अनुस्वार असतात, ते नाकातून उच्चारायचे नसतात. आमच्या एकीने उच्चारले आणि सर्दी झाल्यासारखं वाटलं. निवेदनात 'रमा आणि माधव' अशी सलगी नको. रमाबाईंच्या काळी नवऱ्याचं नावही तोंडाने घेत नसत.

तालीम तीनदा करा, त्यातली एक घड्याळ लावून. कागद एका बाजूने छापलेले, मोठ्या अक्षरात, पानाच्या तळाशी वाक्य तुटणार नाही असे. बसायला पाठ असलेल्या खुर्च्या. माइक उभा नको, टेबलावरचा. आणि पाटी खरी दगडी आणा. प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीचा आवाज येत नाही.