पोरांच्या मेंटल हेल्थ वॉर्डात सपोर्ट वर्कर म्हणून लागताय? मग हे वाचा

पहिलं म्हणजे तुम्ही थेरपिस्ट नाही. वाईट वाटून घेऊ नका, उलट सुटलात. थेरपिस्ट आठवड्यातून तासभर भेटणार, बाकी वेळ पोरगं तुमच्यासमोरच असतं, जेवताना, टीव्ही बघताना, झोप लागत नाही म्हणून रात्री पॅसेजमधे फेऱ्या मारताना, त्यामुळे काही बिनसलं की आधी कळणार ते तुम्हालाच.

समोर बसवून "काय झालं ते सांग" केलं की पोरं मिटून जातात. पत्ते खेळा, चित्रं रंगवा, सोबत चाला. हात कशात तरी गुंतले की बोलणं आपसूक निघतं, आणि निघालं की मधे सल्ला घुसवू नका. "एवढं काय त्यात" तर चुकूनही नाही. डब्ल्यूएचओच्या आकड्यांप्रमाणे 10 ते 19 वयात साधारण 7 पैकी 1 जणाला मानसिक आजार असतो, वयाची नाटकं म्हणून सोडून द्यायचा विषय नाहीये हा.

"कुणाला सांगणार नाही ना?" हे येणारच. मी सुरुवातीला एकदा एका मुलीला "नाही गं" बोलून बसलो, मग जिवाचीच गोष्ट निघाली, टीमला सांगावंच लागलं, त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका, जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, पण सांगायच्या आधी तुला कळवीन.

शंका आली तर "जीव द्यायचा विचार येतो का" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नको ते भरतं असं लोकांना वाटतं, अभ्यासात तसं काही दिसलेलं नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, सिनियरला तिथूनच बोलवा.

भडकलं पोरगं तर आवाज खाली, शब्द कमी, थोडं लांब उभं राहायचं, दाराची वाट अडवायची नाही.

नोट्समधे "अटेन्शनसाठी करते" लिहिलंत तर पुढच्या शिफ्टला घंटा काही कळत नाही. "ताट अर्धं सोडलं, घरचा फोन आल्यावर दोन तास रूमबाहेर आली नाही" असं लिहा, जे दिसलं तेवढंच.

स्वतःचा नंबर द्यायचा नाही, इन्स्टाची रिक्वेस्ट घ्यायची नाही, कितीही जीव लागला तरी. आणि सुपरव्हिजनची मीटिंग, म्हणजे सिनियरसोबत आपल्या कामाबद्दल मोकळं बोलायची बैठक, बुडवू नका, तिथे "मला त्या पोराचा राग येतो" हेसुद्धा बोलता येतं.