जुनी डॉज रॅम २५०० जड ट्रेलर ओढायला कशी तयार करावी

१९९४ ते १९९८ मधली डॉज रॅम २५०० किंवा ३५००, आत बारा व्हॉल्व्हचं ५.९ लिटर कमिन्स डिझेल. अमेरिकेत घोड्यांचा ट्रेलर, बोट किंवा घरासारखा कॅम्पर ओढायला ही गाडी लोक आजही शोधून घेतात. इंजिनात कॉम्प्युटरची ढवळाढवळ नाही, बॉशचा पी ७१०० इनलाइन डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल आहे आणि सुटे भाग सगळीकडे मिळतात. आपल्याकडच्या ट्रक मेकॅनिकलाही हे घराणं परकं नाही. टाटा कमिन्सने जमशेदपूरला याच सिक्स बीटी मालिकेची इंजिनं टाटाच्या ट्रकसाठी बनवली.

या गाडीत इंजिन सर्वांत मजबूत आणि त्याच्याभोवतीचं बाकी सगळं त्या मानाने कच्चं आहे. बहुतेक जण पैसा नेमका उलटा लावतात: आधी पॉवर वाढवतात, मग गिअरबॉक्स जळतो, मग ब्रेकची आठवण होते. खाली कामं ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने करा. डॅशबोर्ड तडकलेला असणारच, तो या मॉडेलचा जन्मजात दोष आहे. त्याच्यावर आत्ता एक डॉलरही घालवू नका.

आधी वजनाचा हिशोब

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा. २५०० वर गाडीचं कमाल एकूण वजन साधारण ८,८०० पौंड लिहिलेलं असतं. टाकी भरून, घरची माणसं आणि सामान घेऊन गाडी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर चढवा. समजा, काटा ६,९०० दाखवतो. म्हणजे हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागी, टाकायला उरले १,९०० पौंड. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर यायला हवा. त्याहून कमी आला की ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो. १२,००० पौंडांचा ट्रेलर १५ टक्क्यांनी १,८०० पौंड टाकेल, म्हणजे हिशोब जेमतेम जमतो. एवढं झाल्यावर गाडी अधिक ट्रेलर या एकत्र वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. ती ॲक्सल रेशो ३.५४ आहे की ४.१० आणि गिअरबॉक्स कोणता आहे यावर बदलते. मागच्या पाट्यांना आधाराच्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) लावल्या की गाडी सरळ उभी राहते, पण दारावरचा आकडा वाढत नाही.

किलर डॉवेल पिन

गाडी ताब्यात आली की इंजिनचं पहिलं काम हेच. इंजिनच्या पुढचं गिअर हाउसिंग ब्लॉकवर नेमक्या जागी बसावं म्हणून कारखान्यात एक छोटी पोलादी पिन ठोकलेली असते. तिला अडवायला पुढे काहीच नाही. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस टायमिंग गिअरमध्ये पडते. नशीब चांगलं असेल तर हाउसिंगला तडा जातो आणि तेल गळतं. नसेल तर कॅमचं टायमिंग जातं आणि पाठोपाठ इंजिन.

पंखा, त्याचं आवरण आणि बेल्ट काढा. क्रँकवरच्या डॅम्परचे चार बोल्ट काढून डॅम्पर उतरवा आणि मग पुढचं कव्हर. पिन थोडी बाहेर आलेली दिसली तर पंच ठेवून पुन्हा आत ठोका. शेजारच्या बोल्टखाली पोलादी पट्टीचा तुकडा असा अडकवा की त्याचं टोक पिनच्या तोंडावर येईल. तयार किट मिळतं, पण जाड पट्टीला भोक पाडूनही काम भागतं. तो बोल्ट थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावून १८ फूट-पाउंडला आवळा. हात पोचतो तेवढे हाउसिंगचे बाकीचे बोल्टही एकेक काढून थ्रेड लॉक लावून परत बसवा, कारण तेही सैल होतात.

कव्हर उघडलंच आहे तर क्रँकचं पुढचं ऑइल सील नवं घाला. इथे सवयीने तेल लावून सील बसवलं की ते गळणारच. हे सील कोरडं बसतं: क्रँक आणि सीलची कड दोन्ही पुसून कोरडी करा आणि सीलबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या रिंगवरूनच ते आत सरकवा. डॅम्परचे बोल्ट ९२ फूट-पाउंड.

टॅपेट आणि डिझेल

टॅपेट इंजिन थंड असताना लावा. इनलेटला ०.०१० इंच, एक्झॉस्टला ०.०२० इंच गॅप. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून १, २, ४ चे इनलेट आणि १, ३, ५ चे एक्झॉस्ट लावा. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून ३, ५, ६ चे इनलेट आणि २, ४, ६ चे एक्झॉस्ट. गिअर हाउसिंगमागची टायमिंग पिन वापरली असेल तर क्रँक फिरवण्याआधी ती बाहेर ओढा. प्लॅस्टिकची असते, विसरलात की तुटते.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खूप वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होत असेल तर इंजेक्टर उघडायची घाई नको. बहुतेकदा टाकीकडून येणाऱ्या लाइनमधले इंजिनच्या मागच्या बाजूचे रबरी होज तडकलेले असतात. ही बाजू ओढणारी असल्याने बाहेर थेंबही दिसत नाही आणि लाइन एअर पकडते. डिझेलसाठीचे नवे होज आणि नवे क्लॅम्प घाला. दोन्ही मिळून फार खर्च नाही.

चढावर गाडीचा दम जात असेल तर फिल्टरपाशी गेज लावून डिझेलचं प्रेशर मोजा. आयडलवर २० पीएसआयच्या आसपास आणि जागेवर २,५०० आरपीएमला २५ च्या वर हवं. कमी दिसलं तर या क्रमाने जा: फिल्टर, डिझेल हीटरमधली जाळी, पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आणि शेवटी लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा). ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग थकते आणि प्रेशर टाकीकडे परत निघून जातं. व्हॉल्व्ह छोटासा, पण पंप बदलूनही गाडी सुधारली नाही अशा तक्रारींमागे अनेकदा तोच असतो.

गिअरबॉक्स

ऑटोमॅटिक असेल तर तो ४७आरएच किंवा ४७आरई. टोइंगसाठी या गाडीतली सगळ्यात कमकुवत कडी हीच. कारखान्याचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) सैल असतो आणि त्यातला, दोघांना थेट जोडणारा लॉकअप क्लच कमिन्सच्या टॉर्कपुढे घसरतो. घसरला की उष्णता, आणि उष्णतेने तेल जळतं. दर्जेदार कमी-स्टॉल (कमी आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर, सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी, मोठा कूलर आणि ड्रेन प्लग असलेला खोल पॅन हा किमान संच समजा. तेल एटीएफ+४ च घाला. तापमानाचा गेज लावा: २०० फॅरनहाइटपर्यंत निर्धास्त, २२० ला पाय सैल, २५० ला गाडी बाजूला.

गाडी बाजूला घेतल्यावर बरेच जण लीव्हर पार्कमध्ये टाकतात. या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये तेल कूलरकडे फिरतच नाही, म्हणजे गरम तेल कन्व्हर्टरमध्येच शिजत राहतं. पार्किंग ब्रेक लावून न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन थोडं वरच्या आरपीएमला चालू द्या. तेलाची पातळीही न्यूट्रलमध्येच बघायची. जड ट्रेलर मागे असताना चढावर ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, नाहीतर गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा ये-जा करत राहतो.

मॅन्युअल असेल तर एनव्ही४५००. त्याचा एकच मोठा दोष आहे: पाचव्या गिअरला शाफ्टवर धरणारा नट डिझेलच्या थरथरीने मागे फिरतो आणि पाचवा गिअर नाहीसा होतो. बाकीचे चार चालू राहतात. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर सुधारित नट घालून घ्या. या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० लागतं. दुकानदार हमखास जीएल-५ पुढे करतो, ते डिफरन्शियलसाठी ठीक. गिअरबॉक्समध्ये ते सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना चालत नाही.

थांबण्याची सोय

पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या ड्रमचे आपोआप सेट होणारे ॲडजस्टर गंजून बसलेले असतात, म्हणून सगळा भार पुढच्या पॅडवर येतो आणि डिस्क तापून वाकतात. ड्रम उघडा, ॲडजस्टर साफ करून हाय-टेम्परेचर ग्रीस लावा, व्हील सिलिंडर आणि ॲक्सलचं सील गळत नाही ना ते बघा. लायनरला तेल लागलं असेल तर घासून पुसून वापरू नका, जोडीने बदला.

मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला, गाडीच्या उंचीनुसार मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे का ते तपासा. एअर बॅगने मागची बाजू उचलली की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजतो आणि ऐन ओझ्यात मागचे ब्रेक कमी करतो. बॅग लावल्यावर हा दांडा नव्या उंचीप्रमाणे पुन्हा लावलाच पाहिजे.

ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी गाडीच्या वेगमंदीप्रमाणे करंट देणारा कंट्रोलर घ्या. काळी वायर बॅटरीकडून, पांढरी अर्थ, लाल ब्रेक पेडलच्या स्विचवरून, निळी ट्रेलरकडे. दोन ॲक्सलपर्यंत २० अँपिअरचा ब्रेकर, तीनला ३०. पांढरी वायर बॉडीच्या रंगावर न आवळता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. अर्ध्या 'कंट्रोलर बिघडला' केसेस इथेच संपतात. सेटिंग मोकळ्या रस्त्यावर करा: ताशी २५ मैलांवर कंट्रोलरची हातातली पट्टी दाबा आणि ट्रेलरची चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे गेन (ट्रेलर ब्रेकचा जोर) ठेवा.

घाट उतरायला एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिननेच गाडी रोखणारा) हवाच. मात्र ६० पीएसआय बॅकप्रेशरचा ब्रेक लावायचा तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंग आधी ६० पौंडी घाला. मूळ स्प्रिंग नरम आहेत, तेवढ्या दाबाने व्हॉल्व्ह उघडे राहतात. ऑटोमॅटिकमध्ये लॉकअप धरून ठेवण्याची सोय केली नाही तर हा ब्रेक नावालाच उरतो.

स्टीअरिंगचं थोडक्यात: चार बाय चारमध्ये पुढचा ट्रॅक बार (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) आधी झिजतो. इंजिन चालू ठेवून एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने खालून बारचं टोक बघावं. खेळ दिसला तर बार बदला. स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ लपवू नका, बॉक्स फुकट जाईल. टायर जड ओझ्यासाठीच्या ई लोड रेंजचेच, आणि ओझं असताना मागे ८० पीएसआय.

पॉवर, सगळ्यात शेवटी

आधी बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि एक्झॉस्ट तापमानाचा गेज. तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. टर्बोनंतरचा आकडा कितीतरी कमी दिसतो आणि फसवतो. भोक पाडताना ड्रिलला भरपूर ग्रीस लावा म्हणजे कीस त्यातच चिकटतो. टोइंग करताना सलग १,२५० फॅरनहाइटच्या वर राहू नका, पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. आकडा चढला की ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, एक गिअर खाली घ्यायचा. २,००० ते २,२०० आरपीएमला हवा जास्त मिळते आणि पाणीही थंड राहतं.

पंपावरची फ्युएल प्लेट (जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारी पट्टी) बदलणं, एएफसी हाउसिंग (बूस्टप्रमाणे डिझेल सोडणारा भाग) पुढे सरकवणं हे तासाभराचं काम आहे, म्हणूनच मोह होतो. मूळ क्लच किंवा मूळ ४७आरई असेल तर त्याला हातच लावू नका. इंजिनला ४,००० आरपीएमपर्यंत जाऊ देणाऱ्या गव्हर्नर स्प्रिंग शर्यतीसाठी ठीक, ओझं ओढायला त्यांचा काही उपयोग नाही.

पहिली फेरी अर्ध्या वजनाच्या ट्रेलरने, जवळच्या जवळ. ५० मैलांवर थांबून गाडीचे आणि ट्रेलरचे व्हील नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, चारही ड्रम-डिस्क आणि ट्रेलरच्या हबजवळ हात नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर ब्रेक धरलाय किंवा बेअरिंग घट्ट आहे. ते सुटल्याशिवाय पूर्ण वजन जोडू नका.