तरुण संघाची वही सोपवताना

आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघाची निवडणूक ईस्टरनंतर होते. उपासना संपली की पाळकसाहेब विचारतात, "सेक्रेटरी म्हणून कोणाचं नाव?" लगेच सगळे खाली चटईकडे बघायला लागतात. मग मागून कोणीतरी नाव घेतं, आणि ते बहुतेक वेळा त्या दिवशी न आलेल्याचं असतं. माझंही असंच झालं होतं. बावीस वर्षांची होते, त्या रविवारी मावशीकडे श्रीरामपूरला गेले होते, आणि सोमवारी घरी आले तर सेक्रेटरी झालेली.

यंदा तुझं नाव आलंय. सेक्रेटरी, खजिनदार, शब्बाथ शाळेची (रविवारी मुलांना बायबल शिकवतात ती) बाई असं करत करत मी आता सगळ्यांची काकू झाले आहे. वही तुझ्या हातात देण्याआधी काही गोष्टी लिहून ठेवते. पटतील त्या घे.

पहिला महिना काहीही बदलू नकोस. नवा सेक्रेटरी आला की पहिल्या सभेत सभेची वेळ बदलतो, व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव बदलतो, बॅनर छापतो. बायबलमधला नहेम्या, यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधायला गेलेला, काय करतो ते त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बघ. राजाची पत्रं त्याच्याजवळ होती, बरोबर घोडेस्वार होते. तरी यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस तो काही बोलला नाही. मग रात्री थोडी माणसं घेऊन निघाला आणि पडका तट स्वतः फिरून पाहिला. पुढाऱ्यांना त्याने त्यानंतर सांगितलं.

तुझा तट म्हणजे नावांची यादी. यादीत चाळीस नावं आहेत आणि सभेला येतात अठरा. उरलेले बावीस कुठे आहेत, ते जाऊन बघ. फोन करू नकोस, घरी जा. मी गेले होते तेव्हा कळलं की एकाची सुप्याच्या एमआयडीसीत दुसरी पाळी होती, म्हणजे आमची संध्याकाळची सभा त्याला कधीच जमणार नव्हती. एकीचे वडील वर्षभर अंथरुणावर होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. एकाला तर दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्या बेसूर गाण्यावरून सगळ्यांसमोर हसलं होतं. तो बाहेर गेला ते परत आलाच नाही. हसणाऱ्यांत मीही होते. हे सगळं वहीत लिही, पण ती वही चर्चच्या बाकावर पडू देऊ नकोस. लोकांच्या घरातल्या गोष्टी तुझ्याकडे सांभाळायला दिलेल्या असतात.

आता मुख्य गोष्ट, कामाची वाटणी. नहेम्याचा तिसरा अध्याय वाचताना सगळे पानं उलटतात, कारण त्यात नुसती नावं आहेत. मला मात्र सगळ्या पुस्तकात तोच अध्याय आवडतो. कोणी कोणता दरवाजा बांधला, कोणी कोणत्या बुरजापर्यंत काम केलं, सगळं लिहिलेलं आहे. कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. सोनार आहेत, अत्तरवाला आहे, शल्लूम आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुलीसुद्धा आहेत. (मुलींना फक्त चहा आणि रांगोळी देणाऱ्या सेक्रेटरीला ही ओळ वाचून दाखव.) तकोवाच्या माणसांनी काम केलं, पण त्यांच्यातल्या बड्यांनी मान वाकवली नाही, हेही लिहून ठेवलंय. एवढा तट बावन्न दिवसांत उभा राहिला.

माझ्या पहिल्या वर्षी मी नेमकं उलटं केलं. नाताळात आपण घरोघरी जाऊन कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणतो, त्या घरांची यादी मी केली, टेम्पो मी ठरवला, पैशांचा डबा माझ्या हातात, पेटीवाल्या आजोबांना आणायलाही मीच. लोक म्हणायचे, "पोरगी किती करते!" मला ते गोड वाटायचं. चौथ्या रात्री ताप भरला आणि कॅरल बंद पडली, कारण कोणत्या घरी जायचं राहिलंय हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी सात घरं राहिली. त्यातल्या एका आजी पुढच्या नाताळला नव्हत्या.

म्हणून काम देताना असं कर. "कोण करेल?" असं सभेत विचारू नकोस, ते काम कोणाचंच होत नाही. माणसाकडे जा आणि नाव घेऊन सांग: टेम्पो तुझा, वाड्यांची यादी तुझी. अख्खं काम दे, तुकडा देऊ नकोस. टेम्पो म्हणजे ठरवणं, भाडं बोलणं, ड्रायव्हरच्या जेवणाचं बघणं, सगळं. प्रत्येक कामाला दोन जण, एक जाणता आणि एक नवखा. आणि एकदा दिलं की मधे हात घालू नकोस. तुझ्यापेक्षा वाईट होईल, होऊ दे. पहिल्या वर्षी माझ्या भाच्याने टेम्पो ठरवला तो ऊस वाहून आलेला, सगळ्यांच्या कपड्यांना चिकट लागलं. दुसऱ्या वर्षी त्याने आधी जाऊन गाडी बघितली.

वाटणीत म्हाताऱ्यांनाही धर. आपल्याकडे दर वर्षी पेटी की कीबोर्ड हे भांडण होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. ते नगरला राहिले आणि ख्रिस्ती लोकांना मराठी चालीत गाता येतील अशी पदं लिहून गेले. ती पदं आजोबांना तोंडपाठ आहेत आणि पोरांना कीबोर्ड वाजवता येतो. आजोबांना पद शिकवायचं काम दे, पोरांना ते बसवायचं. तीन रविवार तालीम झाली की भांडायला सवड राहत नाही. पाळकसाहेबांना मधे घालायची गरजही पडत नाही.

पैशाचं सावकाश वाच, इथे चांगली चांगली माणसं कायमची बदनाम होतात. माझ्या त्या पहिल्याच वर्षी कॅरलला जमलेले पैसे मी माझ्या पर्समध्ये ठेवले होते, घरच्या पैशांबरोबर. हिशेब केला तर 340 रुपये कमी. मी घेतले नव्हते. कुठे गेले तेही कळलं नाही. शिकवणीची महिन्याची जवळजवळ सगळी कमाई घालून भरपाई केली. तरी पुढे तीन वर्षं एक काकू माझ्यासमोर दानाची थैली जरा घट्ट धरायच्या.

तेव्हापासून आपली पद्धत अशी. डब्याला कुलूप. डबा एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, आणि दोघं एका घरातले नसावेत. रोजचं शेवटचं घर झालं की त्याच घरात, घरमालकासमोर डबा उघडायचा, मोजायचा, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करायची. पुढच्या रविवारी उपासनेनंतर जमा आणि खर्च दोन्ही वाचून दाखवायचे, चहाच्या साखरेसकट. कोणी म्हणेल, "आपल्यातच कसला हिशेब?" त्याला बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय दाखव. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पैसे जमवताना खुद्द प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून. पौलाला जे लागलं ते आपल्यालाही लागतंच.

भांडण होणारच. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय सांगतो, आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मंडळीपुढे नेणं त्यानंतर. आपण उलटं करतो. आधी ग्रुपवर लिहितो, मग मंडळीला कळतं आणि शेवटी त्या माणसाला. नियम सोपा ठेव: ज्याच्याबद्दल राग आहे त्याच्या घरी चहा प्यायल्याशिवाय ग्रुपवर एक अक्षर नाही.

घराण्याचा मुद्दाही येईल. "आमच्या पोराला का नाही घेतलं?" म्हणून कोणाची तरी आई येईलच. येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांची आईसुद्धा येशूकडे वशिला लावायला आली होती, एक उजवीकडे बसवा, एक डावीकडे. येशूने तिला हाकलून दिलं नाही. बाकीचे दहा शिष्य चिडले होते, त्यांना जवळ बोलावून सांगितलं की तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. तूही त्या आईला चहा दे आणि पोराला सतरंज्या उचलायचं काम दे. दोन महिन्यांनी तो टिकला तर पुढचं बघ.

काही गोष्टींत मात्र सूट नाही. शब्बाथ शाळेच्या लहान मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, तू असो की पाळकसाहेब. कॅरलवरून मुलींना घरी सोडायला दोघी-तिघी एकत्र, आणि दारात घरच्या माणसाच्या ताब्यात देऊनच परत फिरायचं. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, तो कायदा आहे. देवळात सप्ताह चालू असेल तर त्या गल्लीत दुसऱ्या दिवशी जा, आणि आधी त्यांच्या पुजारीबुवांना भेटून सांग. ते स्वतःहून वेळ सांगतात, असा माझा अनुभव आहे.

भाषणाचं फार मनावर घेऊ नकोस. पाच मिनिटं, एक वचन, घरातलं एखादं उदाहरण. प्रार्थना लांबवून कोणाला टोमणे मारायचे नाहीत, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

आणि तुझ्यानंतर कोण, हे पहिल्याच वर्षी बघायला लाग. दौंड तालुक्यातल्या केडगावला कधी गेली नसशील तर तरुण संघाची सहल तिथे ने. (नगरजवळचं केडगाव वेगळं, टेम्पोवाल्याला नीट सांग.) पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि टाइप जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या मुक्ती मिशनमधल्या, म्हणजे त्यांनीच उभारलेल्या आश्रमातल्या, बायका-मुलींच्या हाती दिली. त्यांच्यामागे काम बघायला मनोरमाबाई, त्यांची लेक, तयार होत्या. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई. ते बायबल छापून बाहेर आलं 1924 साली. तोवर मायलेकी दोघीही नव्हत्या, पण काम हातात घेतलेल्या बायका होत्या. मुक्ती मिशन अजून चालू आहे.

वहीची मागची चार पानं कोरी ठेवली आहेत. तुझ्याबरोबर शिकणारा नवखा जे जे काम एकट्याने करील ते तारखेसह त्यात लिहीत जा. चर्चच्या कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत. एक तुझी, दुसरी तू ठरवशील त्याची. कपाटाचं दार उजवीकडून थोडं वर उचलून ओढ, नाहीतर बिजागरी निघते आणि पेटी खाली येते.