पॅनेलसाठी सिंगल कोअर फ्लेक्झिबल वायर निवडताना या चुका टाळा

विजेच्या कंट्रोल पॅनेलमधली वायर मधोमध जळालेली क्वचितच सापडते. काळं पडतं ते टोक. कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) टर्मिनलपाशी, एमसीबीच्या (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) खालच्या बाजूला, नाहीतर दरवाजाच्या बिजागरीजवळ जिथे वायर रोज वाकते तिथे. तरी वायर घेताना चर्चा होते ती मधल्या भागाची: किती स्क्वेअरची (चौ. मिमीची), किती अँपिअरची, कुठल्या रंगाची. खरं तर वायर टोकांकडून निवडायला घ्यावी. ती कुठल्या टर्मिनलात जाणार, शेजारी काय तापतंय, किती वेळा वाकणार, हे आधी, आकार त्यानंतर. पुढच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यानेच होतात.

भिंतीतल्या वायरचा तक्ता पॅनेलला लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॅटलॉगमधला अँपिअरचा आकडा बहुधा मोकळ्या हवेतल्या किंवा थंड पाइपातल्या वायरचा असतो. पॅनेल म्हणजे बंद डबा, आणि त्यात कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सगळे उष्णता सोडत बसलेले. बाहेर ४० अंश असतील तर आत ५५ सहज होतात.

यंत्रांच्या विद्युत जोडणीसाठी आयईसी ६०२०४-१ हे मानक वापरतात. त्यातल्या तक्त्यानुसार ४० अंशांना पाइपातून किंवा डक्टमधून (वायर नेण्याच्या झाकणाच्या पट्टीतून) जाणारी पीव्हीसी वायर १.५ चौ. मिमीला १३.५ अँपिअर, २.५ ला १८.३ आणि ४ ला २४ अँपिअर वाहते. ५५ अंशांना याच आकड्यांना ०.७१ ने गुणावं लागतं. म्हणजे दीडची वायर साडेनऊ अँपिअरवर आली, अडीचची तेरावर. आता १६ अँपिअरच्या एमसीबीखाली अडीचची वायर टाकून निवांत बसणारे किती पॅनेल आहेत ते आठवा. त्या जागी चारची लागते, तीही सतराच्या आसपासच थांबते. एकाच डक्टमध्ये भरलेल्या अनेक पॉवर वायर शेजारी शेजारी असतील तर यातूनही आणखी कपात करावी लागते.

यावर उपाय म्हणून ९० अंशांची एचआर (जास्त उष्णता सोसणारी) वायर सुचवली जाते. सूचना चांगली आहे, पण तिचा अर्थ चुकीचा घेतला जातो. इन्सुलेशन ९० अंश सोसतं म्हणून त्याच तांब्यातून जास्त करंट काढला, तर वायर खरोखरच ९० पर्यंत तापेल आणि ती उष्णता थेट टर्मिनलात नेऊन सोडेल. एमसीबी किंवा कॉन्टॅक्टरचं टर्मिनल बऱ्याचदा त्या तापमानासाठी बनवलेलंच नसतं. एचआर वायर घ्या, पण आकार ७० अंशांच्या हिशेबानेच ठेवा.

इथेच एक फसवी तक्रार उगवते. मोटरचा करंट बरोबर आहे, सेटिंग बरोबर आहे, तरी थर्मल ओव्हरलोड रिले (मोटरवर भार वाढला की ती बंद करणारा) दुपारी दुपारी ट्रिप होतो. रिले बदलला जातो, नवाही तसाच वागतो. अशा वेळी रिलेला जोडलेल्या वायरचा आकार पाहा. जाड वायर टर्मिनलमधली उष्णता बाहेर ओढून नेते, बारीक वायर उलट आत ढकलते. रिलेमधल्या बायमेटलला (तापल्यावर वाकणाऱ्या पट्टीला) ही उष्णता मोटरची की वायरची हे कळत नाही. म्हणून उत्पादकाने त्या करंटसाठी सांगितलेल्या आकारापेक्षा बारीक वायर कधीच लावू नये, मग ती तक्त्यात बसत असली तरी.

उलट टोकाची चूकही होते: सुरक्षित राहावं म्हणून सगळं कंट्रोल वायरिंगसुद्धा अडीचमध्ये. कॉन्टॅक्टरची कॉइल आणि इंडिकेटर दिवे मिळून किती करंट घेणार? पाऊण किंवा एकची वायर तिथे पुरून उरते. जाड वायरने डक्ट ठासून भरतो, झाकण बसत नाही, पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कनेक्टरमध्ये टोक शिरत नाही. मग शिरावं म्हणून कोणीतरी चार तारा कापतो!

दीडची वायर दीडची आहे असं समजणं

आयईसी ६०२२८ मध्ये वायरचा आकार तिच्या रोधावरून ठरतो, तारांची जाडी मोजून नाही. क्लास ५ च्या, म्हणजे पॅनेलला लागणाऱ्या फ्लेक्झिबल साध्या तांब्याच्या वायरचा २० अंशांना कमाल रोध असा: १ चौ. मिमीला किलोमीटरमागे १९.५ ओहम, १.५ ला १३.३, २.५ ला ७.९८, ४ ला ४.९५. बाजारात मिळणारी ३०/०.२५ ची (०.२५ मिमीच्या ३० तारांची) वायर हिशेबाने १.४७ चौ. मिमी भरते. ती फसवणूक नाही, तांबं चांगलं असेल तर रोधात बसते. ३० च्या जागी २४ तारा निघाल्या तर मात्र विचारायला हवं.

तपासणी सोपी आहे. १०० मीटरच्या बंडलाची दोन्ही टोकं सोलून रोध मोजा. दीडच्या वायरला १.३३ ओहमच्या आत यायला हवा, अडीचच्या वायरला ०.८० च्या आत. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर चांगलं बंडलही नापास होईल. उन्हाळ्यात दर दहा अंशांना साधारण चार टक्के सूट द्या. बंडलात खरोखर १०० मीटर आहेत का, हेही पाहा. लांबी कमी असेल तर रोध आपोआप कमी दिसतो आणि बारीक वायर पास होते!

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर हा वेगळा धोका. बाहेरून ती तांब्यासारखीच दिसते. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती वायर परत करा. कलई केलेल्या तांब्याचं याच्या बरोबर उलट असतं, बाहेर पांढरं आणि आत लाल, आणि ती वायर चांगली असते. वजनही बोलतं: १०० मीटर दीडच्या वायरमध्ये नुसतं तांबं सव्वा किलोच्या वर असायला हवं. मुलाम्याच्या वायरचा रोध त्याच आकाराच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. त्यात ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे आज घट्ट बसलेला स्क्रू काही महिन्यांत ढिला होतो.

जास्त तारा म्हणजे जास्त करंट

हा समज काही केल्या जात नाही. ५० हर्ट्झला तांब्यात करंट साधारण ९ मिलिमीटर खोलीपर्यंत शिरतो. पॅनेलमधली वायर इतकी जाड नसतेच, त्यामुळे तारा बारीक केल्याने करंट वाढत नाही. वाढते ती लवचिकता. क्लास १ ची एकसंध तार पॅनेलमध्ये वळवताना त्रास देते आणि कंपनाने तुटते. क्लास २ (मोजक्या जाड तारांची) जाड फीडरला, म्हणजे मुख्य पुरवठ्याच्या वायरला, ठीक. डक्टमधून वळणं घेत जाणाऱ्या वायरिंगला क्लास ५. त्याहून बारीक तारांची क्लास ६ ची वायर सतत हलणाऱ्या भागासाठी राखून ठेवा. साध्या स्क्रू टर्मिनलात तिच्या तारा जास्तच विस्कटतात.

टोकाकडे दुर्लक्ष

फ्लेक्झिबल वायर निवडली की पिन लगचा (तारांच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या नळीचा) खर्च आणि वेळ सोबत येतोच. तो वाचवायचा असेल तर फ्लेक्झिबल वायर वापरण्यात अर्थ नाही. तारा पिळून सरळ स्क्रूखाली घातल्या की स्क्रू काही तारा बाजूला सारतो, काही कापतो. बाहेर राहिलेली एखादी तार शेजारच्या टर्मिनलपर्यंत पोचते. उरलेल्या तारांवर पूर्ण करंट येतो आणि तापमान वाढून त्या अजून सैल होतात.

काही जण टोकाला सोल्डर लावून ते कडक करतात. दिसायला सुबक, पण स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि पकड जाते. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे वायर एकदम कडकची मऊ होते, आणि कंपन असलेल्या यंत्रावर नेमकी तिथेच तुटते. स्क्रू टर्मिनलसाठी सोल्डर नको.

पिन लग निवडताना रंगावर जाऊ नका. एकाच मापाला वेगवेगळ्या पद्धतींत वेगळे रंग आहेत. पाकिटावरचा चौ. मिमीचा आकडा पाहा. दीडच्या वायरला अडीचची लग लावून जोरात दाबली तरी आत पोकळी राहते. लांबीही टर्मिनलच्या खोलीशी जुळायला हवी. लग आखूड असेल तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो आणि जोड घट्ट वाटूनही करंट नीट जात नाही. पक्कड वापरून चपटी केलेली लग म्हणजे क्रिंप नव्हे. रॅचेटचा क्रिंपिंग टूल घ्या. सोलताना तारा तुटतात का, ते निदान पहिल्या पाच-सहा टोकांना बारकाईने बघा. टूलची सेटिंग एका आकाराची आणि वायर दुसऱ्या आकाराची असेल तर प्रत्येक टोकाला दोन-तीन तारा गळतात आणि नंतर लगच्या आत काय झालंय ते कोणालाच दिसत नाही.

स्क्रू घट्ट बसल्यावर वायर ओढून पाहा. दीडच्या वायरला टर्मिनलने निदान ४० न्यूटन, म्हणजे चार किलोच्या आसपास ओढ सोसली पाहिजे. अडीचला ५० न्यूटन. एका टर्मिनलात दोन वायर हव्याच असतील तर ट्विन (दोन वायर एकत्र धरणारी) पिन लग, तेही टर्मिनलला चालत असेल तरच. जाड आणि बारीक वायर एकाच स्क्रूखाली घातल्या की पकड फक्त जाड वायरला मिळते.

सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि २४ व्होल्टची लांब वायर

इथे करंट कमी असतो म्हणून बारीक वायर टाकली जाते, आणि बिघाड जळण्याच्या रूपात न येता चुकीच्या आकड्याच्या रूपात येतो. सीटी मोठा करंट मीटरसाठी लहान करून देते. ५ अँपिअरच्या सीटीपासून मीटर १० मीटरवर आहे असं धरा. जाऊन येऊन २० मीटर. अडीचच्या वायरमध्ये ०.१६ ओहम, म्हणजे ५ अँपिअरला ४ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) इतका भार. दीडच्या वायरमध्ये तेच ६.६५ व्हीए. सीटी ५ व्हीएची असेल तर दीडच्या वायरनेच तिची क्षमता संपवली, मीटरचा भार अजून धरलेलाच नाही. १ अँपिअरच्या सीटीला हीच दीडची वायर जेमतेम ०.२७ व्हीए खाते, म्हणून लांब अंतराला त्या सोयीच्या.

२४ व्होल्ट डीसीत अर्ध्या चौ. मिमीची वायर २० मीटरवरच्या १ अँपिअरच्या सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या कॉइलला) दिली तर दीड व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. व्हॉल्व्ह कधी उचलतो, कधी नाही, आणि संशय पीएलसीच्या आउटपुटवर येतो.

व्होल्टेज, इन्सुलेशन, रंग

बारीक वायर अनेकदा ३००/५०० व्होल्टची असते, दीडपासून वरची ४५०/७५० ची. सिग्नलची वायर पॉवरच्या डक्टमधून न्यायचीच असेल तर तिचं इन्सुलेशन त्या डक्टमधल्या सर्वाधिक व्होल्टेजला पुरेल असं हवं. ४०० व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (आतला डीसी पुरवठा) साधारण ५६५ व्होल्टचा असतो, हे विसरलं जातं. शक्यतो डक्टच वेगळा ठेवा.

एफआरएलएस (आग पसरू न देणारी, कमी धुराची वायर) म्हणजे धूर कमी, पण त्यात हॅलोजन असतंच. आग लागल्यावर निघणारा आम्ल वायू शेजारच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांचीही वाट लावतो. माणसं बसतात अशा बंद कंट्रोल रूमला हॅलोजनमुक्त वायर घ्या. ब्रेकिंग रेझिस्टरजवळ (मोटर थांबवताना खूप तापणाऱ्या भागाजवळ) पीव्हीसी नको, सिलिकॉन घ्या.

हिरवी-पिवळी वायर अर्थिंगशिवाय कशालाही नको, संपलेल्या बंडलाची तात्पुरती सोय म्हणूनही नको. बाकी रंग त्या पॅनेलच्या ड्रॉइंगप्रमाणे.

दरवाजा

दरवाजावरच्या बटणांकडे जाणाऱ्या वायर नेमक्या लांबीच्या कापल्या की दरवाजा पूर्ण उघडताना ताण टर्मिनलवर येतो. बिजागरीजवळ मोकळा वळसा सोडा, दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या आणि मधला भाग स्पायरलमध्ये मोकळा ठेवा. बिजागरीला अर्थिंग समजू नका. रंग आणि ग्रीस मध्ये असतं. दरवाजाला वेगळी लवचिक अर्थ वायर हवीच.

टोक तापलंय, दोष कुणाचा?

हे काम चालू पॅनेलवरचं, म्हणून प्रशिक्षित माणसानेच करावं. थर्मल कॅमेऱ्यात टर्मिनलपाशी सगळ्यात गरम आणि वायरवर पुढे जाताना तापमान उतरत असेल तर जोड सैल आहे किंवा क्रिंप वाईट आहे. वायर पूर्ण लांबीभर सारखीच गरम असेल तर ती बारीक आहे. त्या कोपऱ्यातलं सगळंच गरम असेल तर वायरला दोष देऊ नका, पंख्याचा फिल्टर बघा. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत धातूवर रोखू नका, आकडा खोटा आणि कमी येतो. शेजारच्या इन्सुलेशनवर रोखा.

तीन फेजवर करंट सारखा असताना प्रत्येक जोडावरचे मिलिव्होल्ट मोजून तुलना करा. दोन फेज सारखे आणि तिसरा कितीतरी वर असेल तर तोच जोड. सप्लाय बंद करून, शून्य व्होल्टेजची खात्री करून तो उघडा. स्क्रू नुसता पुन्हा आवळून सोडू नका. तापलेल्या तारांवर काळा थर बसलेला असतो आणि तो आवळल्याने जात नाही. वायर चमकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापा, नवी लग लावा. कापल्यावर लांबी पुरत नसेल तर डक्टमध्ये जोड देऊ नका, या टर्मिनलपासून त्या टर्मिनलपर्यंत वायर नवी ओढा. टर्मिनलचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा स्प्रिंग मऊ झाली असेल तर तेही बदला, कारण जुन्या टर्मिनलात नवी वायर लवकरच पुन्हा काळी पडते.