फायनल फँटसी ३ (डीएस): गरुडाला हरवायचं तर चौघेही ड्रॅगून

निन्टेन्डो डीएसवरच्या २००६ च्या या व्हिडिओ गेमच्या रिमेकमध्ये अनेक जण सारोनिया शहरात अडकतात. कारण एकच: तिथल्या गरुडा या बॉसची (मोठ्या शत्रूची) वीज सगळ्या टोळीवर एकदम कोसळते आणि तो एका फेरीत एकाहून जास्त वेळा वार करतो.

ल्युनेथ, आर्क, रेफिया, इंगस, आपल्या टोळीतल्या या चौघांनाही ड्रॅगून (भालाधारी लढवय्याचा जॉब, म्हणजे भूमिका) करा. ‘जंप’ (उडी) हा हुकूम दिलेला लढवय्या हवेत असेपर्यंत त्याला वीज लागत नाही आणि खाली येताना बसणारा वार साध्या हल्ल्यापेक्षा जबर असतो. भाले आणि ड्रॅगूनचं चिलखत सारोनियातच मिळतं. पैसे कमी पडले तर आधी भाले घ्या.

जॉब ऐन वेळी बदलू नका. बदलानंतर काही लढाया ताकद घटलेली राहते, म्हणून शहराबाहेर किरकोळ लढाया करून ती भरून काढा. राजपुत्र आलससोबत किल्ल्यात जाण्याआधीच हे सगळं उरका, नकाशावर येऊन सेव्ह करा आणि हाय-पोशन (जखमा भरणारं औषध) भरपूर ठेवा. पांढरी जादू करणारा कुणी नसेल, त्यामुळे उपचार फक्त हाय-पोशननेच. कुणाचं एचपी (जीवनशक्तीचे गुण) निम्म्याखाली गेलं तर एकानेच जमिनीवर थांबून पोशन द्यावं, बाकी तिघांनी उड्या चालू ठेवाव्यात.

तरीही हरलात, तर लेव्हल वाढवून या.