परदेशी पासपोर्टवालं कोणी मुंबईत लांब मुक्कामाला येतंय? मग व्हिसाच्या तारखा आधी बघा

अमेरिकेत जन्मलेला नातू, जर्मन सून, ब्रिटिश नागरिक झालेला भाऊ, नाहीतर पार्ल्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलेला फ्रेंच भाडेकरू, यातलं कोणीही तुमच्याकडे महिनोनमहिने राहणार असेल तर हे वाचा. कारण घरात "पाच वर्षांचा व्हिसा आहे, काय टेन्शन" असं कोणीतरी हमखास म्हणतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पाच वर्षांच्या व्हिसावर पाच वर्षं येता-जाता येतं, सलग बसून राहता येत नाही.

बघायच्या गोष्टी तीन. व्हिसा संपतो कधी, एअरपोर्टवर एंट्रीचा शिक्का कुठल्या तारखेचा बसला, आणि एका वेळी किती दिवस राहायची परवानगी आहे. परत जायची तारीख या तिन्हीवरून काढायची आणि त्यातली जी आधी येते ती खरी. टुरिस्ट ई-व्हिसावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानवाल्यांना बरीच वर्षं सलग १८० दिवस आणि बाकी बहुतेकांना ९० असा हिशोब होता, आता कॅलेंडर वर्षात मिळून १८० दिवस असंही लिहून येतं. त्यामुळे शेजारच्या काकूंच्या जावयाला काय लागू होतं ते सोडा, आपल्या माणसाच्या कागदावर काय छापलंय ते वाचा. कॅलेंडर वर्ष लिहिलं असेल तर तो माणूस त्याच वर्षी आधी मुंजीला येऊन गेला असेल ते दिवस पण धरायचे. मग "मध्ये आठवडाभर दुबईला जाऊन येऊ, पुन्हा नवे १८० दिवस मिळतील" ही आयडिया चालत नाही. ३० दिवसांच्या ई-व्हिसात अजून एक गंमत आहे, मंजुरीच्या कागदावर जी एक्सपायरी दिसते ती भारतात शिरण्याची शेवटची तारीख असते, ३० दिवस मोजायचे ते आल्यापासून.

दिवस मोजताना सहा महिने म्हणू नका, दिवसच मोजा. समजा सलग १८० दिवस आहेत आणि पाहुणा १५ नोव्हेंबरला आला. आलेला दिवस धरून नोव्हेंबरचे १६, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१, एप्रिल ३०, झाले १६७, म्हणजे १८०वा दिवस १३ मे. मनातल्या मनात सहा महिने धरणारा १५ मेचं तिकीट काढून मोकळा होतो. त्यात मुंबईहून युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ मे, रात्री दोन असं असतं, आपण म्हणतो १३ च्या रात्री निघतोय, पण इमिग्रेशनच्या काउंटरवर पोचेपर्यंत बारा वाजून गेले तर तारीख बदललेली असते आणि तो ओव्हरस्टे. म्हणून दोन-चार दिवस हातात ठेवूनच तिकीट काढा. मे महिन्यात तिकिटं महाग असतात हे खरंय, पण ओव्हरस्टे त्याहून महाग पडतो.

आता तुमची, म्हणजे घरमालकाची बाजू. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. हे फक्त हॉटेलवाल्यांचं काम आहे असं निम्म्या मुंबईला वाटतं. पण खाजगी घरालाही ते लागू आहे, आणि "माझ्याच नातवाचा कसला फॉर्म" म्हणणाऱ्या आजोबांनाही. इमिग्रेशनच्या पोर्टलवर घराच्या पत्त्यावर एकदा अकाउंट उघडावं लागतं, त्याला मंजुरी यावी लागते, म्हणून पाहुणा सहारला उतरायच्या आधीच ते करून ठेवा, बॅगा आल्यावर लाइटबिल शोधत बसू नका. भाडेकरू असेल तर लिव्ह अँड लायसन्स आणि पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहिती हे वेगळं, सी फॉर्म वेगळा, एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, याचा सरकारी काहीही उपयोग नाही. भरलेल्या फॉर्मची प्रिंट जपून ठेवा, पुढे कुठल्याही अर्जाला पत्त्याच्या पुराव्यासोबत तीच मागतात.

पाहुण्याने स्वतः करायचं म्हणजे, ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी ई-अरायव्हल कार्ड आलंय, ते येण्याच्या आधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्टुडंट किंवा एम्प्लॉयमेंटसारखा १८० दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी ऑफिसकडे, रजिस्ट्रेशन करावं लागतं. ई-व्हिसा आणि ही कामं फक्त जीओव्ही डॉट इन ने संपणाऱ्या साइटवरच करा, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट ढिगाने आहेत आणि त्या वरचे पैसे उकळतात.

मुक्काम वाढवायचाय? टुरिस्ट ई-व्हिसा वाढत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही, हा नियम आहे. पाहुणा आजारी पडला, विमानच रद्द झालं असं खरं कारण असेल तर एफआरआरओ कागद बघून थोडी मुदत देऊ शकतं, पण "अजून लग्नसराई चालू आहे" हे कारण नव्हे. बाकी ज्या व्हिसांची मुदत वाढते त्यांचा अर्ज ई-एफआरआरओवर, म्हणजे त्याच ऑफिसच्या ऑनलाइन पोर्टलवर, आणि तो मुदत संपायच्या आधी.

ज्यांचं येणं-जाणं कायमचंच आहे त्यांनी माझ्या मते व्हिसाच्या भानगडीत पडूच नये, ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं कार्ड, काढावं. रजिस्ट्रेशन नाही, दिवस मोजणं नाही, कितीही रहा. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण बोरिवलीत आजीकडे वर्षभर राहायला या दोन्हीची गरज लागत नाही. फी परदेशातून २७५ डॉलर, भारतातून १५ हजार रुपये. इथे एक चूक बऱ्याच घरांत होते, मुलाला टुरिस्ट व्हिसावर घेऊन यायचं आणि इथे आल्यावर ओसीआयचा अर्ज करू म्हणायचं. टुरिस्ट व्हिसावर असताना भारतातून तो अर्ज करता येत नाही. निघायच्या आधी तिकडच्या भारतीय कॉन्सुलेटमधूनच करून घ्या, आणि मे मधलं लग्न असेल तर एप्रिलमध्ये जागे होऊ नका. परदेशी सुनेला किंवा जावयाला लग्न रजिस्टर होऊन दोन वर्षं झाल्याशिवाय ओसीआय नाही, तोपर्यंत त्यांनी एंट्री व्हिसा घ्यावा, टुरिस्ट नको.

आणि समजा तारीख उलटूनच गेली, तर? तर गप्प बसू नका आणि तसेच बॅगा घेऊन टी-टूला पण जाऊ नका. इमिग्रेशनवर अडवलं की विमान जातं, तिकिटाचे पैसे जातात, आणि मध्यरात्री तिथे तुमचं म्हणणं ऐकायला कोणाला वेळ नसतो. मार्ग एकच आहे, ई-एफआरआरओवर एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा, अर्ज. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, एंट्रीचा शिक्का, सी फॉर्म, परतीचं तिकीट, आणि उशीर का झाला याचं साधं सरळ पत्र, हॉस्पिटलचे कागद असतील तर तेही जोडा. पत्रात गोष्टी रचू नका, शिक्के त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतात. तिकीट मात्र तारीख बदलता येईल असंच घ्या कारण परमिट कोणत्या दिवशी हातात पडेल ते आपल्या हातात नाही. दंड भरावा लागतो, तो ऑनलाइनच भरायचा, कोणी एजंट "कॅशमध्ये सेटल करतो" म्हणाला तर तिथून उठा. बहुतेक काम ईमेलवर होतं, अर्जातल्या पत्त्यावरून तो संबंधित ऑफिसकडे जातो, आणि बोलावलंच तर मुंबईचं एफआरआरओ सीएसएमटीहून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, झेवियर्स कॉलेजच्या मागच्या बाजूला आहे. बोलावल्याचा मेल, मूळ पासपोर्ट आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा.

कायदा आता नवीन आहे हे पण लक्षात असू द्या. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट गेला, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला, आणि त्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं आहे. चार दिवस उशीर झालेल्या आणि स्वतःहून अर्ज करणाऱ्या पाहुण्याला कोणी उचलून आत टाकेल असं मला वाटत नाही, पण पुढच्या व्हिसाच्या वेळी हा ओव्हरस्टे आडवा येतो आणि सापडेपर्यंत लपून राहिलेल्याची केस फारच वेगळी होते.

परमिट आलं की त्यात निघायची जी मुदत दिली असेल तिच्या आतच निघा, ती पण उलटली तर सगळं पहिल्यापासून. परमिटची प्रिंट केबिन बॅगेत ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका, आणि एअरपोर्टवर नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी पोचा, कारण अशा केसमध्ये काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा वरिष्ठांना विचारायला उठतो.