डोक्यात काही राहत नाही? किशोरवयातल्या विसरभोळेपणावर काय करावं

सतत विसरणाऱ्या मुलामुलींना मिळणारी नावं ठरलेली असतात: धांदरट, वेंधळा, बेफिकीर. काही वर्षं हेच कानावर पडत राहिलं की मूलही ते खरं मानायला लागतं आणि ‘माझी स्मरणशक्तीच कमी आहे’ म्हणून प्रयत्न सोडून देतं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण या वयातलं बहुतेक विसरणं योग्य पद्धतीने बरंच आटोक्यात येतं.

तेराव्या-चौदाव्या वर्षापासून लक्षात ठेवायच्या गोष्टी एकदम वाढतात. विषय वाढतात, प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. आणि नेमकं याच सुमारास आठवण करून देणारी मोठी माणसं ‘आता तुझं तू बघ’ म्हणून मागे सरतात. इकडे नियोजन करणारा, लक्ष टिकवणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. म्हणजे ओझं आधी येतं आणि ते पेलायची तयारी नंतर होते.

पायरी १: आपण नेमकं कुठे विसरतो ते शोधा

एक आठवडा छोटी नोंद ठेवा. काही विसरलात की तीनच गोष्टी लिहा: काय विसरलं, ते सांगितलं गेलं तेव्हा मी काय करत होतो किंवा होते, आणि नंतर ते आठवलं का. मग प्रत्येक नोंद कुठल्या प्रकारात बसते ते पाहा.

कुणी थोडी खूण सांगितली तरी काहीच आठवत नसेल, तर बहुधा ती गोष्ट डोक्यात शिरलीच नव्हती. खूण मिळताच ‘हां, हां!’ म्हणून आठवत असेल, तर ती आत होती, फक्त बाहेर निघत नव्हती. आणि वेळ टळून गेल्यावर आपली आपणच आठवत असेल, तर माहिती शाबूत होती, ती योग्य क्षणी सुचली नाही. या तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. वही घरी विसरणाऱ्याने पाठांतर वाढवून काही उपयोग नाही.

पायरी २: शिरतच नसेल तर आधी लक्ष

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो. पुढच्या संशोधनात हा आकडा चारच्या आसपास आला. त्यामुळे एका दमात सांगितलेल्या सहा सूचनांपैकी दोन-तीन गळणं हे कुणाचंही होऊ शकतं.

सूचना मिळाली की ती लगेच आपल्या शब्दांत उलट बोलून दाखवा: ‘म्हणजे तक्ता शुक्रवारी, आणि वही त्याआधी, बरोबर?’ शिक्षकांना किंवा घरच्यांना ‘थांबा, एवढं लिहून घेतो’ असं म्हणण्यात काही कमीपणा नाही. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक संदेशाबरोबर लक्ष तिकडे जातं आणि परत आल्यावर मागचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. अर्धा तास मन लावून आणि मग दहा मिनिटं मोकळं, एवढं पुरतं.

पायरी ३: वाचणं थांबवा, आठवायला लागा

अभ्यास करूनही परीक्षेत काही आठवत नाही, ही तक्रार असणाऱ्यांनी ही पायरी नीट वाचावी. बहुतेक मुलं धडा चार वेळा वाचतात, ओळींवर रंग फासतात आणि पान ओळखीचं वाटायला लागलं की ‘झालं’ म्हणतात. पण पान ओळखणं सोपं असतं. परीक्षेत समोर पान नसतं, तिथे आतून काढावं लागतं, आणि त्याचा सराव कधी केलेलाच नसतो.

२००६ साली रोएडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या गटांना एकच उतारा दिला. एका गटाने वाचनाच्या चार फेऱ्या केल्या. दुसऱ्याने एक फेरी वाचनाची आणि तीन फेऱ्या न बघता आठवून लिहिण्याच्या केल्या. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना उताऱ्यातलं सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी, की वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील असं वाटत होतं.

हे करायचं कसं ते हृदयाच्या धड्यावर पाहू. ‘रक्ताभिसरण’ एकदा समजून वाचा आणि पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर रक्ताचा प्रवास काढायला घ्या: शरीराकडून आलेलं रक्त उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, मग फुप्फुसांकडे... आणि इथे पेन्सिल थांबते. फुप्फुसांकडे नेणारी ती धमनी की शीर? लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर झगडा, अंदाज लिहा, चुकला तरी चालेल. पुढचा प्रवासही डाव्या अलिंदापासून महाधमनीपर्यंत जमेल तसा पुरा करा. मग पुस्तक उघडा आणि राहिलेलं, चुकलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने त्याच कागदावर भरा: फुप्फुस धमनी, आणि तिच्यातून जातं ते ऑक्सिजन कमी असलेलं रक्त. उद्या पुन्हा कोरा कागद घ्याल तेव्हा उजळणी त्या वेगळ्या रंगाच्या जागांचीच करायची आहे, अख्ख्या धड्याची नाही.

सुरुवातीला हे फार जड जातं. अर्धा कागद कोराच राहतो आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटून रडू येतं. तरी सोडू नका. आठवण्यासाठी जो ताण पडतो, त्यानेच ती गोष्ट पक्की होते.

पायरी ४: उजळणी पसरवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करण्याचे प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं, की विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात झपाट्याने होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणून रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने थोडा थोडा वेळ द्या. शब्दार्थ, सूत्रं, सनावळ्या यांच्यासाठी चिठ्ठ्या करा: पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं तर चिठ्ठी लांबच्या तारखेच्या गठ्ठ्यात, चुकलं तर परत रोजच्या गठ्ठ्यात.

पायरी ५: सुट्या गोष्टींना अर्थ जोडा

ज्याला अर्थ नाही ते टिकत नाही. सन आठवत नसेल तर आधी काय घडलं आणि त्यातून पुढे काय घडलं, अशी साखळी लावा. लांब यादी असेल तर घरातल्या ओळखीच्या वाटेवर दारापासून खिडकीपर्यंत एकेक गोष्ट कल्पनेने ठेवत जा. जितकं विचित्र चित्र, तितकं चांगलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका साध्या विद्यार्थ्याने सुमारे २३० तासांच्या सरावानंतर एका वेळी ७९ आकडे ओळीने सांगून दाखवले. तो धावपटू होता, म्हणून आकड्यांना शर्यतीतल्या वेळांचा अर्थ लावायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली की त्याची मजल जेमतेम सहावर! त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती, त्याच्या हाती पद्धत आली होती. म्हणून बुद्धी तल्लख करणारी टॉनिकं आणि मेंदूचे खेळ विकत घेण्याआधी या अनुभवाचा विचार करा.

पायरी ६: कामं डोक्यात ठेवूच नका

अर्ज द्यायचा राहिला, मैत्रिणीला फोन करायचा राहिला, पट्टी घरीच राहिली, यावर एकच वही ठेवा. एकच, कारण तीन ठिकाणी लिहिलेलं कुठे पाहायचं हेच मग विसरतं. ती पाहायच्या वेळाही ठरवा: शाळेतून आल्यावर आणि झोपण्यापूर्वी.

लिहायचं कसं, हे महत्त्वाचं. ‘उद्या अर्ज’ अशी नोंद बिनकामाची. ‘पहिल्या तासाची हजेरी संपली की अर्ज शिक्षकांच्या टेबलावर ठेवणार’ असं लिहा. ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ अशा ठरावामुळे काम हातून होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर आणि इतरांच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे. कारण मग आठवण करून द्यायचं काम त्या हजेरीकडे जातं.

फोनचा गजर लावणार असाल तर जेव्हा ते काम लगेच करता येईल, तेव्हाचाच लावा. बसमध्ये बसल्यावर वाजलेला ‘वही घे’ काय कामाचा? सकाळी न्यायची वस्तू रात्रीच चपलांवर ठेवा, ओलांडून जाताच येणार नाही अशी. आणि पालकांनो, ‘विसरलासच कसा?’ याला मुलाकडे उत्तर नसतं. ‘कुठे लिहिलं होतंस?’ असं विचारा, त्याला उत्तर देता येतं.

पायरी ७: झोप कापू नका

दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. या वयात झोपच उशिरा येते, हा शरीराच्या घड्याळातला बदल आहे, आळस नव्हे. तरी परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं दुसऱ्या दिवशी दगा देतं.

ऐन परीक्षेत डोकं कोरं पडलं तर तो प्रश्न बाजूला ठेवा, येणारा प्रश्न सोडवा, मग परत येऊन त्या विषयाबद्दल जे काही आठवेल ते कच्च्या पानावर उतरवा. बऱ्याचदा त्यातूनच धागा सापडतो.

पायरी ८: डॉक्टरांकडे कधी जावं

विसरणं अचानक वाढलं असेल, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालं असेल, किंवा मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहून भानावर येत असेल, तर थांबू नका. असं शून्यात जाणं हा अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्यातही लक्षात राहणं कमी होतं. सततचा थकवा आणि फिकटपणा असेल तर रक्त तपासून घ्या. लोहाची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा त्रास यांवर उपचार आहेत. लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल तर अवधान-कमतरतेची, म्हणजे एडीएचडीची, तपासणी होऊ शकते. झोप आणणारी ॲलर्जीची औषधं, दारू, गांजा यांचाही स्मृतीवर परिणाम होतो. असं काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. घरच्यांसमोर बोलणं अवघड वाटलं तर डॉक्टरांकडे एकट्याने बोलायला वेळ मागता येतो.

जाताना पहिल्या पायरीतली आठवड्याची नोंद बरोबर न्या आणि झोपायच्या-उठायच्या वेळा त्यात लिहून ठेवा, म्हणजे ‘हल्ली फार विसरतो’ याच्या पलीकडचं काही डॉक्टरांना दिसेल.